खेळाडूंचं केशपुराण

मंडळी, एक प्रश्न विचारतो. कसोटी सामना चालू असताना, भर मैदानात, चक्क पंचांकडून केस कापून घेणारा फलंदाज कोण?

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपला सुनील गावसकर! साल १९७४, मैदान मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड. वारं सुटलेलं, आणि त्या काळच्या फॅशनप्रमाणे सुनीलने वाढवलेली झुलपं. गोलंदाज धावत यायला लागला की नेमकी एक बट डोळ्यावर यायची. शेवटी वैतागून त्याने पंच डिकी बर्ड यांना ती कापायला सांगितली. चेंडूच्या शिवणीचे सुटलेले दोरे कापायला काहीतरी हत्यार पंचांच्या खिशात असतंच. बर्डसाहेबांनी ते बाहेर काढलं आणि बट उडवली. त्या कसोटीत गावसकरने १०१ आणि ५८ धावा केल्या.

पुढची कसोटी लॉर्ड्सची. तिथे दुसऱ्या डावात आपला अख्खा संघ ४२ धावांत गारद झाला. म्हणजे त्या दौऱ्यात एकाची हजामत पंचांनी केली आणि बाकीच्यांची इंग्लंडच्या गोलंदाजांनी, तीही बिनपाण्याने!

हा विषय डोक्यात शिरला तो आमच्या भाच्यामुळे. वय वर्षे पंधरा, फुटबॉल खेळतो, आणि केस मानेवर रुळतील इतके वाढवलेत. त्याच्या प्रशिक्षकांनी बजावलं आहे की केस काप, नाहीतर बाकावर बस. घरात दोन तट पडले. त्याची आजी (म्हणजे माझी आई) प्रशिक्षकांच्या बाजूने, त्याची आई कुंपणावर (ताई, वाचते आहेस ना?), आणि चिरंजीवांनी मला विचारलं, "मामा, गोल पायाने मारायचा असतो. मग यात केस कुठून आले?"

प्रश्न बिनतोड होता. माझ्या स्वतःच्या डोक्यावर आता वाद घालण्याइतका ऐवज उरलेला नाही, त्यामुळे मी या विषयाकडे तटस्थपणे पाहू शकतो. पाहिलं, वाचलं, आणि लक्षात आलं की धंदेवाईक खेळांच्या इतिहासात केसांवरून जेवढी भांडणं झाली आहेत तेवढी कदाचित पायांवरूनही झाली नसतील. आणि त्या सगळ्या भांडणांच्या मुळाशी प्रश्न एकच. डोकं खेळाडूचं, मान्य. पण त्यावरचे केस कुणाचे?

पहिले मालक: जाहिरातवाले

तालमीतला पैलवान केस बारीक ठेवतो, कारण प्रतिस्पर्ध्याच्या हाती काही लागू नये. हे समजण्यासारखं आहे. पण खेळाडूच्या केसांना पैसे मिळू शकतात हा शोध लागला, आणि तिथून सगळं बिघडलं.

इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन हा उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात आर्सेनलकडून फुटबॉल खेळणारा माणूस. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, इंग्लंडमध्ये रेशनिंग चालू, लोक कावलेले. अशा १९४७ च्या मोसमात या पठ्ठ्याने ३८१६ धावा आणि १८ शतकं ठोकली. एका इंग्लिश मोसमातले हे दोन्ही विक्रम आजही उभे आहेत, आणि आता प्रथम दर्जाचे सामनेच इतके कमी होतात की ते उभेच राहतील. कॉम्प्टनला पत्रांना उत्तरं द्यायचा मनस्वी कंटाळा. न फोडलेली पत्रं तो बॅगेत कोंबून ठेवायचा. बॅगेनल हार्वे नावाच्या गृहस्थांनी ती फोडली, तेव्हा कामाचे नि पैशाचे देकार त्यात धूळ खात पडलेले निघाले. हार्वे मग त्याचे व्यवहार पाहू लागले आणि कॉम्प्टनचा चापूनचोपून बसवलेला भांग ब्रिलक्रीमच्या जाहिरातींमधून देशभर झळकला. 'ब्रिलक्रीम बॉइज' हे नाव खरं तर युद्धात ब्रिटिश हवाई दलातल्या छैलछबिल्या पोरांना चिकटलं होतं. कॉम्प्टनने ते कायमचं आपल्या डोक्यावर घेतलं.

ही क्रीम मग समुद्र ओलांडून आपल्याकडे आली ती फारोख इंजिनियरच्या डोक्यावर. मुंबईचा हा पारशी यष्टिरक्षक मोठा दिलखुलास. जानेवारी १९६७ मध्ये मद्रासला हॉल, ग्रिफिथ, सोबर्स अशा वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांसमोर पहिल्याच दिवशी उपाहारापर्यंत ९४ धावा करून बसला होता. ब्रिलक्रीमसाठी झळकणारा तो पहिला भारतीय क्रिकेटपटू. आमच्या वडिलांच्या पिढीत तोवर डोक्याला एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे खोबरेल तेल. थंडीत ते गोठायचं आणि बाटली उन्हात ठेवायला लागायची. इंजिनियर पाहिल्यावर अनेकांनी तेलाशी गद्दारी केली, असं वडील सांगायचे. त्यांनी स्वतः केली की नाही हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. :-)

दुसरे मालक: साक्षात मालक

जाहिरातवाला निदान पैसे देतो. अमेरिकेत बेसबॉलच्या संघमालकांनी वेगळीच तऱ्हा केली.

१९७२ सालची गोष्ट. त्या काळी बेसबॉलचे खेळाडू गुळगुळीत दाढी करून मैदानात उतरायचे, मिशी ठेवायची पद्धतच नव्हती. ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा रेजी जॅक्सन हा तारा सरावाच्या शिबिराला मिशी वाढवून आला. मालक चार्ली फिनली यांना ती खुपली. संघातल्या इतरांनी मग डोकं चालवलं. आपणही मिशा वाढवल्या तर मालक सरसकट सगळ्यांना काढायला लावतील, रेजीचीही जाईल. पण मालक होते व्यापारी. इतक्या मिशा एकदम पाहून त्यांना त्यात तमाशा दिसला, आणि तमाशात गल्ला दिसला. त्यांनी उलट फर्मान काढलं की जो मिशी वाढवील त्याला ३०० डॉलर बक्षीस! मैदानावर 'मिशी दिन' साजरा झाला. गोलंदाज रॉली फिंगर्सने तर मेण लावून दोन्ही टोकांना पीळ दिलेली अशी आकडेबाज मिशी काढली की आपल्याकडच्या एखाद्या इनामदाराने मुजरा करावा.

त्या वर्षी अंतिम मालिकेत या मिशाळांची गाठ पडली सिनसिनाटी रेड्स या संघाशी. रेड्समध्ये दाढीमिशीला सक्त बंदी. सात सामने रंगले आणि मिशा जिंकल्या. १९७३ आणि १९७४ सालीही ओकलंडच जिंकलं.

गोष्ट इथे संपत नाही. फिंगर्स म्हातारा झाला (म्हणजे बेसबॉलच्या मानाने, एकोणचाळिशीचा). जुन्या संघाने सोडल्यावर १९८६ मध्ये त्याला खेळायला बोलावणं आलं ते नेमकं रेड्सकडून. अट एकच, मिशी काढायची. फिंगर्सने मिशी ठेवली आणि खेळ सोडला. १९९२ मध्ये बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याला मान मिळाला, मिशीसकट. रेड्सची बंदी उठायला मात्र १९९९ साल उजाडलं.

न्यूयॉर्क यँकीजची कथा याहून लांबलचक. जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी १९७३ मध्ये हा संघ विकत घेतला. मोसमाच्या सुरुवातीला खेळाडू टोप्या काढून राष्ट्रगीताला उभे राहिले आणि नव्या मालकांना त्यांचे केस दिसले. खेळाडूंची नावं त्यांना अजून माहीत नव्हती, म्हणून केस वाढलेल्यांचे पाठीवरचे आकडे त्यांनी लिहून घेतले, असं सांगतात. पुढे नियमच झाला. केस कॉलरच्या खाली येता कामा नयेत, ओठावरच्या मिशीखेरीज चेहऱ्यावर काही नको. १९७६ साली ऑस्कर गॅम्बल या खेळाडूला आपला सुप्रसिद्ध आफ्रो कापून संघात यावं लागलं. हा आफ्रो एवढा मोठा की टोपी त्यावर बसायची नाही, नुसती ठेवलेली असायची. १९९१ मध्ये संघाचा कप्तान डॉन मॅटिंगली यालाच केस कापले नाहीत म्हणून संघव्यवस्थापनाने एक सामना बाहेर बसवलं. आणि जॉनी डेमन! बॉस्टनच्या संघात तो खांद्यापर्यंत केस आणि भरघोस दाढी अशा अवतारात होता, नुकताच हिमालयातून उतरल्यासारखा. २००५ च्या अखेरीस यँकीजनी त्याला चार वर्षांचे ५ कोटी २० लाख डॉलर देऊ केले. डेमन गुळगुळीत होऊन हजर झाला. इतकी महाग हजामत इतिहासात क्वचितच कुणाची झाली असेल.

यँकीजची दाढीबंदी शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये सैल झाली. थोरले स्टाइनब्रेनर २०१० मध्ये वारले होते. त्यांचे चिरंजीव हॅल यांनी 'नीट राखलेली' दाढी चालेल असं जाहीर केलं. बावन्न वर्षं लागली, मंडळी!

तिसरे मालक: गुरुजी

आता आमच्या भाच्याच्या दुखण्यावर येतो, म्हणजे फुटबॉलच्या प्रशिक्षकांवर.

१९९८ च्या विश्वचषकाआधी अर्जेंटिनाचे प्रशिक्षक होते डॅनियल पासारेला. त्यांनी फतवा काढला की लांब केसवाला माझ्या संघात नको. बातिस्तुताने आपली सोनेरी आयाळ कातरून घेतली. पण रेआल माद्रिदकडून खेळणारा फर्नांडो रेडोंडो, मैदानाच्या मधोमध उभा राहून चेंडू असा खेळवायचा की बघत राहावं, त्याने केसांना कात्री लावायला नकार दिला. माझ्या केसांचा आणि माझ्या खेळाचा संबंध नाही, हे त्याचं म्हणणं. शेंडी तुटो वा पारंबी तुटो, म्हणतात तसं. त्याच्या बाबतीत पारंबी तुटली. मे १९९८ मध्ये तो माद्रिदकडून युरोपचा चषक जिंकला आणि जूनमध्ये विश्वचषकाला घरी बसला. अर्जेंटिना उपांत्यपूर्व फेरीत हॉलंडकडून हरली.

यातली गंमत अशी की १९७८ मध्ये अर्जेंटिनाने पहिल्यांदा विश्वचषक जिंकला तेव्हा कप्तान होते हेच पासारेला, आणि अंतिम सामन्यात दोन गोल करणारा नायक होता मारिओ केम्पेस. त्याचे मानेवर उडणारे लांब केस हे त्या चषकाचं सर्वांत गाजलेलं छायाचित्र आहे. म्हणजे ज्या केसांच्या मागे धावत जाऊन चषक उचलला, तेच केस वीस वर्षांनी बेशिस्त ठरले!

त्याच १९९८ च्या विश्वचषकात रुमानियाच्या संघाने उलटं टोक गाठलं. पहिल्या सामन्यात कोलंबियाला हरवलं (त्या संघाचा कप्तान होता वाल्डेरामा, आणि त्याच्या डोक्यावर तर पिवळ्या कुरळ्या केसांचं पिंजारलेलं झुडूपच होतं), मग इंग्लंडला हरवलं, पुढची फेरी पक्की झाली, आणि आनंदाच्या भरात सगळ्या खेळाडूंनी केस सोनेरी रंगवले. ट्युनिशियाविरुद्ध अकरा हळदीची डोकी मैदानात उतरली. चूक, दहाच. गोलरक्षक स्टेलिया टकला होता, तो आपोआप सुटला. लांबून पाहणाऱ्याला कोण कुठे खेळतंय याचा पत्ता लागेना. सामना बरोबरीत सुटला आणि पुढच्या फेरीत क्रोएशियाने त्यांना घरी पाठवलं. कोलंबियावाल्यांनी मात्र वाल्डेरामाच्या केसांचा मान राखला. सांता मार्ता या त्याच्या गावी त्याचा भलाथोरला पुतळा उभा आहे. तो ब्राँझचा, आणि केस तेवढे पिवळे.

चौथे मालक: चार लोक काय म्हणतील

कुणीच सक्ती केली नाही तरी खेळाडू मोकळा असतो असं नाही. माणसाच्या केसांवर सर्वांत मोठा ताबा असतो तो बघणाऱ्यांचा.

इंग्लंडला १९६६ चा विश्वचषक मिळवून देणाऱ्यांपैकी एक बॉबी चार्ल्टन. पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडचे दोन्ही गोल त्याचे. पण मनुष्य तिशी गाठायच्या आत वरून मोकळा झाला होता. एका कानाजवळचे चार केस लांब वाढवून, डोक्यावरून पूल बांधावा तसे, तो दुसऱ्या कानाकडे नेत असे. धावायला लागला की पूल वाऱ्यावर उडायचा. प्रत्येक कचेरीत असा एक पूल पूर्वी असायचा. आमच्या कचेरीतल्या गृहस्थांच्या टेबलावर म्हणून कोणी पंखा चालू करत नसे.

पण या बाबतीतली सर्वांत मोठी कथा आंद्रे आगासीची. नव्वदच्या सुमाराला टेनिसमध्ये तो आला तो सिंहासारखी आयाळ घेऊन. कॅमेऱ्याच्या एका जाहिरातीत तो चमकायचा आणि 'दिसणं हेच सर्वकाही' अशा अर्थाचं वाक्य तोंडावर फेकायचा. मुली वेड्या, पोरं वेडी. २००९ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं आणि त्यात त्याने सांगून टाकलं की ती आयाळ टोप होता! केस विसाव्या वर्षाआधीच गळायला लागले होते आणि ते लपवण्यासाठी तो टोप लावून खेळत होता. १९९० ची फ्रेंच स्पर्धा, त्याची पहिलीच ग्रँड स्लॅम अंतिम फेरी. आदल्या रात्री आंघोळ करताना टोपाची शकलं झाली. भावाने कशाबशा पिना लावून तो डोक्यावर बसवून दिला. दुसऱ्या दिवशी कोर्टवर जाताना आगासीने देवाची प्रार्थना केली. जिंकू दे अशी नाही, टोप पडू नये अशी. चेंडूकडे लक्ष द्यायचं की डोक्याकडे? देवाने ऐकलं. टोप राहिला, सामना गेला. जिंकलेल्या आंद्रेस गोमेझच्या आयुष्यातलं ते एकमेव ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपद.

पुढे १९९५ मध्ये आगासी सरळ टकला झाला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जगात पहिल्या क्रमांकावर पोचला. १९९९ मध्ये त्याच पॅरिसच्या लाल मातीवर, टक्कल उन्हात चमकवत, त्याने ती राहिलेली फ्रेंच स्पर्धा जिंकली. मला ही गोष्ट नेहमी हसवते आणि मग गप्प करते. वीस वर्षांचा मुलगा जगासमोर अंतिम सामना खेळतोय, आणि त्याला हरण्यापेक्षा उघडं पडण्याची भीती जास्त वाटतेय.

रोनाल्डोने (ब्राझीलवाला, थोरला) या बघ्यांचाच उपयोग करून घेतला. २००२ च्या विश्वचषकात उपांत्य सामन्याआधी त्याचा पाय दुखत होता आणि पत्रकार पायाशिवाय दुसरं विचारेनात. त्याने डोकं भादरून घेतलं आणि कपाळाच्या वर केसांचा अर्धचंद्र तेवढा ठेवला. एखाद्या बाळाचं जावळ काढताना ते मध्येच भोकाड पसरून उठलं आणि काम अर्ध्यावर राहिलं तर दिसेल, हुबेहूब तसं. लगेच सगळे पत्रकार केसांवर तुटून पडले, पायाला विसरले. त्या पायाने तुर्कस्तानविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल केला आणि अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध दोन. पोराटोरांनी जगभर तोच अर्धचंद्र काढून घेतला. नंतर रोनाल्डोने त्या पोरांच्या आयांची माफी मागितली.

आपल्याकडची पोरंही काही मागे नव्हती. वांद्र्याच्या साहित्य सहवासात, जिथे दोन घरं सोडून एक लेखक राहायचा, तिथे कवी रमेश तेंडुलकरांच्या धाकट्याने १९८१ च्या सुमाराला जॉन मॅकेन्रोच्या प्रेमात पडून कुरळे केस वाढवले होते, कपाळाला पट्टी बांधली होती आणि रॅकेट घेऊन तो फिरत होता. पुढे त्या पोराने रॅकेट टाकून बॅट घेतली, हे आपलं नशीब. पण केसांवरून कुणी त्याला तेव्हा छळलं नाही, हेही त्यात आलंच की!

आणि धोनी. फेब्रुवारी २००६, लाहोर. लांब, तांबूस केसांच्या धोनीने नाबाद ७२ धावा काढून पाकिस्तानला हरवलं. बक्षीस समारंभात खुद्द जनरल मुशर्रफ म्हणाले की प्रेक्षकांतले काही फलक तुला केस कापायला सांगताहेत, पण माझं ऐकशील तर कापू नकोस. ज्यांचा आयुष्यभराचा धंदा जवानांचे केस बारीक ठेवण्याचा, त्यांनी शत्रुपक्षाच्या यष्टिरक्षकाला दिलेला हा सल्ला! पुढे २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर विश्वचषक उचलला आणि दुसऱ्या दिवशी धोनी गोटा करून हजर. आमच्या घरी 'नवस असणार' यावर पाच मिनिटांत एकमत झालं.

इथे हसू थांबतं

इथवर सगळी गंमत. पण या नियमांमधला एक शब्द मला टोचत राहिला, तो म्हणजे 'नीटनेटके'. कुणाच्या डोळ्यांना नीटनेटके?

जानेवारी १९९९, ऑस्ट्रेलियन टेनिस. अठरा वर्षांची व्हीनस विल्यम्स केसांच्या बारीक वेण्या घालून त्यात मणी ओवून खेळायची. लिंडसे डेव्हनपोर्टविरुद्धच्या सामन्यात वेणी सुटून मणी कोर्टवर सांडले. पंचांनी व्यत्यय म्हणून तिचा एक गुण कापला. व्हीनस रडवेली होऊन वाद घालत राहिली आणि सामना हरली. मणी कोर्टवर पडले हे खरं, नियम होता हेही खरं. पण आफ्रिकी वंशाच्या घराघरांत आई मुलीचे केस असेच विंचरते, वेण्या घालते, मणी ओवते. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असं डोकं कधी आलंच नव्हतं.

पोहण्याच्या टोप्यांचंही तेच. दाट, कुरळ्या केसांसाठी मोठी टोपी बनवली गेली, तर २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकआधी जागतिक संघटनेने तिला परवानगी नाकारली. ओरड झाल्यावर २०२२ मध्ये दिली. म्हणजे टोपी तीच, डोकी तीच, फक्त वर्षभरात नियमवाल्यांना ती दिसायला लागली.

आणि आपल्या शिखांचं काय? बिशनसिंग बेदीच्या रंगीबेरंगी पटक्यांवर अख्ख्या जगाने प्रेम केलं. आज गुलाबी, उद्या निळा, आणि खालून येणारा तो लडिवाळ उंचावलेला चेंडू. २६६ बळी घेतले त्याने कसोटीत, आणि पटक्यामुळे क्रिकेटचं काही अडलं नाही. पण २०१४ मध्ये चीनमधल्या आशियाई बास्केटबॉल स्पर्धेत अमृतपालसिंग आणि अमज्योतसिंग या आपल्या खेळाडूंना पगडी उतरवल्याशिवाय खेळता येणार नाही असं सांगितलं गेलं. डोक्यावर काही घातलं तर इतरांना इजा होईल, असा नियम. सहा फुटांहून किती तरी उंच अशी ती माणसं, ज्यांनी जन्मात चारचौघांत डोकं उघडं केलं नव्हतं, ती देशासाठी तशी खेळली. तो नियम बदलायला २०१७ उजाडलं.

स्टाइनब्रेनरने कापायला लावलेल्या डेमनच्या केसांची आणि या पगडीची किंमत एक नाही. डेमनने हौस विकली, चांगल्या भावाने विकली. या दोघांकडून जे उतरवून घेतलं त्याला भाव नव्हताच. 'शिस्त म्हणजे शिस्त, सगळ्यांना सारखी' असं म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा, एवढंच माझं म्हणणं.

भाच्याला मी जे सांगितलं ते असं. प्रशिक्षकांना आधी विचार, केस डोळ्यांत जातात म्हणून काप म्हणताय की मला आवडत नाहीत म्हणून? डोळ्यांत जात असतील तर गावसकरने पंचांकडूनही कापून घेतले, तुला काय धाड भरली आहे? किंवा पट्टी बांध, मॅकेन्रोसारखी. नुसतं आवडत नाहीत असं असेल तर मग तुझ्यापुढे दोन रस्ते आहेत, डेमनचा आणि रेडोंडोचा. डेमनला केसांची किंमत मिळाली, रेडोंडोने केसांसाठी किंमत मोजली. दोघेही रडत बसले नाहीत. तू कोणता रस्ता घेतोस ते तुझं तू ठरव. आजीला मात्र माझं नाव सांगू नकोस.

जाता जाता: सुमो

हे सगळं वाचता वाचता एक खेळ असा सापडला, जिथे 'केस कुणाचे' या प्रश्नाचा निकाल पहिल्याच दिवशी लावून टाकलेला आहे. जपानची सुमो कुस्ती.

१८७१ मध्ये जपानी सरकारने पुरुषांनी पारंपरिक शेंडी सोडून पाश्चात्त्य धाटणीचे केस ठेवायला हरकत नाही असा हुकूम काढला आणि देश बघता बघता बदलला. सुमो पैलवानांची शेंडी तेवढी राहिली. ती बांधायला संघटनेचे पगारी केशकार असतात, सुवासिक मेणाने चोपडून ते केस बसवतात. वरच्या दोन श्रेणींतल्या पैलवानांनाच समारंभाच्या वेळी गिंको झाडाच्या पानासारखी पसरट बांधणी करता येते. तिथे शेंडी पाहून माणसाची पायरी कळते. मुद्दाम शेंडी ओढली तर कुस्ती गमवावी लागते. असाशोर्यू हा योकोझुना, म्हणजे अगदी महावीर, जुलै २००३ मध्ये असाच बाद ठरला. आणि २०१३ मध्ये एंदो नावाचा गडी इतक्या झपाट्याने वर चढला की तो सर्वोच्च श्रेणीत पोचला तरी केस शेंडी बांधण्याइतके वाढलेच नव्हते!

पैलवान निवृत्त झाला की तोक्योच्या कोकुगिकान सभागृहात त्याचा शेंडी कापण्याचा समारंभ होतो. हाकुहो या मोंगोलियात जन्मलेल्या सर्वश्रेष्ठ पैलवानाचा, ज्याने ४५ स्पर्धा जिंकल्या, तो २८ जानेवारी २०२३ ला झाला. आखाड्याच्या मध्यभागी पैलवान ठेवणीतले कपडे करून खुर्चीवर बसतो. मित्र, प्रतिस्पर्धी, आश्रयदाते एकेक करून मागे येतात आणि सोनेरी कात्रीने थोडे थोडे केस कापतात. (बायकांना आखाड्यात पाऊल ठेवायला आजही मनाई आहे, तेव्हा आई-बायको पाहत राहतात. या खेळाचेही हिशेब चुकते व्हायचे आहेत.) तासन्‌तास बसलेला तो डोंगराएवढा माणूस बहुतेक वेळा इथे कुठेतरी रडायला लागतो. शेवटचा कात्रीचा घाव गुरूचा. शेंडी सुटी होते.

मग तो उठून आतल्या खोलीत जातो. तिथे एक साधा केशकर्तनकार गळ्याभोवती कापड गुंडाळून उभा असतो. पंधरा-वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या डोक्याच्या धन्याला कोणीतरी विचारतं, भांग कुठल्या बाजूला पाडू?